छोट्या कॅथॉलिक हायस्कुलात नव्याने येणाऱ्यांसाठी : परिपाठ, मिस्सा आणि शाळेचे वर्ष

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, रेल्वेमार्ग आणि समुद्र यांच्यामधल्या बागायती गावांत, चर्चच्या कुंपणाला कुंपण लागून असलेल्या कॅथॉलिक शाळा बऱ्याच आहेत. त्यांतल्या एका मराठी माध्यमाच्या लहानशा हायस्कुलात, जिथे पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी होती, मी बरीच वर्षे वर्गशिक्षक होतो. मी ख्रिस्ती नाही. त्यामुळे दर जून महिन्यात नव्याने आलेल्या हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध कुटुंबांचे प्रश्न आपसूक माझ्याकडे येत, आणि बाहेरगावाहून बदली होऊन आलेल्या कॅथॉलिक कुटुंबांचेही काही प्रश्न माझ्याकडेच येत, कारण फादरांना विचारण्याचा त्यांना संकोच वाटे. मुलाला चर्चमध्ये जावे लागेल का, टिकली चालते का, मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, चालू असताना गुडघे टेकायचे की बसून राहायचे, असे ते प्रश्न असत. ती उत्तरे मी इथे क्रमाने लिहून ठेवत आहे.

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ असतो. अशा शाळेच्या दिवसात तीन प्रकारच्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. काही गोष्टी शिस्तीचा भाग म्हणून सर्वांसाठी असतात, काहींच्या वेळी सर्वांनी आदराने हजर राहावे एवढीच अपेक्षा असते, आणि काही केवळ कॅथॉलिक विद्यार्थ्यांच्या असतात. कोणती गोष्ट कशात मोडते हे कोणी पाटी लावून सांगत नाही; जुन्यांच्या ते अंगवळणी पडलेले असते, आणि नव्यांना ते ठाऊक नाही हे जुन्यांच्या ध्यानातही येत नाही. हजर राहणे आणि सहभागी होणे यांतला फरक एकदा समजला की निम्मे प्रश्न सुटतात.

प्रवेश घेण्यापूर्वी

पहिली चौकशी शाळा कोणाची आहे याची करावी. ‘कॅथॉलिक शाळा’ हा एकच प्रकार नाही. काही शाळा धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या असतात. तिथे चर्चचे प्रमुख धर्मगुरू हेच बहुधा शाळेचे व्यवस्थापक असतात आणि वरची जबाबदारी धर्मप्रांताकडे, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या अनेक धर्मग्रामांच्या विभागाकडे, असते. वसईपुरते बोलायचे तर १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. दुसऱ्या प्रकारच्या शाळा येशूसंघीय, सलेशियन यांसारख्या धर्मगुरूंच्या संघांच्या किंवा धर्मभगिनींच्या संस्थांच्या असतात. हा तपशील कोरडा वाटला तरी उपयोगाचा आहे. धर्मग्रामाच्या शाळेत फादरांची ठरावीक वर्षांनी बदली होते, आणि नव्या फादरांबरोबर शाळेच्या सवयीही थोड्या बदलतात. गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाला मिळालेली सवलत या वर्षी मिळेलच असे धरून चालू नये.

दुसरी चौकशी शाळा अनुदानित आहे का याची. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३०(१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापन करण्याचा आणि त्या चालवण्याचा हक्क आहे, आणि त्याच संविधानाचा अनुच्छेद २८(३) असे सांगतो की राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून मदत मिळणाऱ्या शाळेतील कोणालाही, त्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकांच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. पालक बहुधा यांपैकी एकच कलम ऐकून येतात, कोणी पहिले, कोणी दुसरे, आणि मग प्रवेशाच्या टेबलावर वाद होतो. दोन्ही कलमे एकाच वेळी लागू आहेत. शाळेला तिची ओळख जपण्याचा हक्क आहे आणि आपल्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे.

शाळेला प्राथमिक विभाग जोडलेला असेल, तर शिक्षण हक्क कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांच्या यादीत ही शाळा का दिसत नाही, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या, हे त्याचे कारण आहे. तेव्हा सोडतीची वाट पाहत बसू नये आणि शाळेच्या कार्यालयातून थेट अर्ज घ्यावा.

कागदपत्रे नेहमीचीच असतात : जन्मदाखला, आधीच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, गुणपत्रक. कॅथॉलिक विद्यार्थ्यांकडून स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला आणि कधी कधी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांचे पत्र मागितले जाते. हा दाखला जिथे स्नानसंस्कार झाला त्या चर्चमधूनच मिळतो, त्यामुळे मूळ गाव लांब असल्यास एप्रिल-मे महिन्यांतच पत्र पाठवून तो मागवून ठेवावा. इतर धर्मीयांकडे अर्थातच त्याची मागणी होत नाही.

अर्जासोबत वेळापत्रकाची एक प्रत मागून घ्यावी आणि त्यात धर्मशिक्षणाचा तास कोणत्या दिवशी आहे ते पाहावे. आपली भूमिका काय आहे हे पहिल्याच आठवड्यात दोन ओळींत लेखी द्यावे, असे मी प्रत्येक पालकाला सांगत आलो. मजकूर इतकाच पुरतो : “माझा पाल्य धर्मशिक्षणाऐवजी मूल्यशिक्षणाच्या तासाला बसेल. शाळेच्या मिस्सेच्या वेळी तो आदराने उपस्थित राहील, परंतु विधीत सहभागी होणार नाही.” ज्यांना उपस्थितीही नको असेल त्यांनी तसे लिहावे आणि त्या वेळात मूल कुठे बसेल हे त्याच वेळी विचारून घ्यावे. पत्राची भाषा तक्रारीची नसावी, कारण अजून तक्रार करण्यासारखे काही घडलेलेच नसते.

पहिला आठवडा

हाका मारण्याची रीत आधी शिकून घ्यावी. धर्मगुरूंना ‘फादर’, धर्मभगिनींना ‘सिस्टर’ आणि संघातल्या दीक्षित पुरुषांना, जे धर्मगुरू नसतात, ‘ब्रदर’ म्हणतात. मुख्याध्यापिका सिस्टर असल्या तरी त्यांना ‘मॅडम’ किंवा ‘बाई’ न म्हणता ‘सिस्टर’ म्हणण्याची पद्धत आहे. बाकी शिक्षकांना नेहमीप्रमाणे सर आणि बाई. नवी मुले सुरुवातीला फादरांना ‘सर’ म्हणतात आणि वर्ग हसतो. त्यात चूक काहीच नाही, पण सहावीतल्या मुलाला ते हसू आठवडाभर पुरते, म्हणून घरून सांगून पाठवावे.

परिपाठात राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि दिनविशेष या गोष्टी इतर शाळांसारख्याच असतात, आणि त्या सर्वांसाठी असतात. फरक पडतो तो प्रार्थनेत. प्रार्थनेच्या आरंभी आणि शेवटी कॅथॉलिक मुले कपाळ, छाती, डावा खांदा आणि उजवा खांदा असा उजव्या हाताने स्पर्श करून क्रुसाची खूण करतात. ती त्यांच्या श्रद्धेची खूण आहे. इतरांनी ती करण्याची गरज नाही आणि गंमत म्हणूनही करू नये. हात जोडून किंवा नुसते सरळ उभे राहणे पुरेसे असते. दुपारी बाराच्या सुमारास चर्चची घंटा वाजली की काही शाळांत मिनिटभर काम थांबवून मरियामातेची एक छोटी प्रार्थना म्हणतात. त्या वेळी फळ्यावरचे उतरवून घेत राहिल्यास कोणी शिक्षा करत नाही, पण खडू खाली ठेवलेल्या शिक्षकासमोर लिहीत राहणे बरे दिसत नाही.

भारतातल्या कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनेच २०२४ साली आपल्या शाळांना सूचना दिल्या की इतर धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात रोज उद्देशिका म्हणून घ्यावी आणि शक्य तिथे सर्व धर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली असावी. आपल्या शाळेत यांतले काय केले आहे, हे पालकसभेत विचारायला काहीच हरकत नाही. लहान शाळेत स्वतंत्र खोली नसते हे खरे; आमच्याकडे ग्रंथालयाचीच खोली शिक्षकांची, क्रीडासाहित्याची आणि पावसाळ्यात छत्र्या वाळवण्याची होती.

शाळेच्या मिस्सेला

नव्या माणसाला सर्वांत अवघड जातो तो हा दिवस, म्हणून यावर जरा विस्ताराने लिहितो. मिस्सा म्हणजे कॅथॉलिकांची मध्यवर्ती उपासना. मराठीत तिला ख्रिस्तयागही म्हणतात. शाळेची मिस्सा साधारणपणे वर्षारंभी जूनमध्ये, शाळेच्या आश्रयदात्या संतांच्या सणाला, नाताळापूर्वी आणि काही ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असते, आणि पाऊण ते एक तास चालते. तिचे दोन मोठे भाग असतात. पहिल्यात बायबलमधील वाचने आणि प्रवचन, दुसऱ्यात वेदीवर भाकर आणि द्राक्षारस यांचे अर्पण आणि मग ख्रिस्तशरीराचे वाटप.

चर्चमध्ये शिरताना कॅथॉलिक मुले दारातल्या पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून क्रुसाची खूण करतात, आणि वेदीच्या दिशेला तांबडा दिवा तेवत असेल तर बाकावर बसण्यापूर्वी एक गुडघा टेकतात. इतरांनी शांतपणे आत जाऊन बसावे. सगळे उभे राहिले की उभे राहावे, विशेषतः शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला येशूच्या जीवनाचा आणि शिकवणीचा भाग, वाचले जाते तेव्हा. सगळे बसले की बसावे. सगळे गुडघे टेकतात तेव्हा मात्र बसून राहावे. त्यात कोणाचा अपमान नाही. फक्त बाकाच्या पाठीला टेकून बसू नये, कारण मागचा मुलगा गुडघ्यांवर येऊन आपल्याच पाठीच्या फळीवर कोपरे टेकवतो आणि आपले डोके त्याच्या जोडलेल्या हातांना लागते. पुढे एका क्षणी सगळे आजूबाजूला वळून एकमेकांना हात जोडून शांतीचा नमस्कार करतात. यात सर्वांनी मोकळेपणाने सामील व्हावे. दानाची पिशवी फिरली तर ती पुढे द्यावी. विद्यार्थ्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते.

त्यानंतर रांग लागते. ही रांग केवळ कॅथॉलिकांची, आणि त्यांच्यातलीही प्रथम कम्युनियन झालेल्यांची, म्हणजे ख्रिस्तशरीर पहिल्यांदा घेण्याचा संस्कार झालेल्यांची, असते. विश्वास न ठेवणाऱ्याला प्रसाद नाकारला जातो, असा तिचा अर्थ लावू नये. वेदीवरची ती भाकर कॅथॉलिकांच्या श्रद्धेनुसार प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर असते, आणि ती घेणे म्हणजे ती श्रद्धा आपली आहे असे सर्वांसमक्ष म्हणणे असते. आपल्याकडच्या माणसाला हे चटकन उमगत नाही, कारण आपल्याकडे प्रसाद सर्वांना देतात आणि तो नाकारणे हेच अनादराचे मानले जाते.

मला तरी कुठे उमगले होते? नोकरीच्या पहिल्या वर्षी, जूनमधल्या पहिल्याच मिस्सेला, माझा वर्ग उठून रांगेत लागला तसा वर्गशिक्षक म्हणून मीही त्यांच्या मागोमाग निघालो. डोक्यात विचार एवढाच की मुले नीट रांगेत जातात की नाही ते पाहावे, आणि प्रसाद मिळाला तर घ्यावा. फादर तीनचार मुलांइतके दूर राहिले असताना माझ्या सदऱ्याची बाही मागून ओढली गेली. सहावीतली एक चणीने लहान मुलगी, रिबिनींच्या दोन वेण्या, मान वर करून हळूच म्हणाली, “सर, तुम्ही बसा.” मी बाजूला होऊन पुन्हा बाकावर बसलो. परत येताना ती डोळे खाली घालून, हात जोडून आपल्या जागेवर गेली आणि तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. मधल्या सुट्टीत मात्र ती आली आणि “सर, राग नाही ना आला?” असे विचारून गेली. तेव्हापासून दर जूनला मी नव्या मुलांना आदल्या दिवशीच सांगत असे की ती रांग लागली की बसून राहायचे, आणि बाकावरून इतरांना बाहेर पडता यावे म्हणून पाय बाजूला घ्यायचे.

कॅथॉलिक पालकांसाठी इथे एक व्यवहारातली सूचना. कम्युनियनपूर्वी तासभर पाणी आणि औषध सोडून काही खायचे नसते, असा चर्चचा नियम आहे. मिस्सा सकाळी शाळा भरल्याबरोबर असेल तर मुलाने घरून लवकर खाऊन निघावे. उपाशीपोटी उभे राहून चक्कर आलेली मुले मी दर वर्षी पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना वाटत होते की सकाळपासूनच काही खायचे नसते.

वाचने आणि भाविकांच्या प्रार्थना यांसाठी मुलांची निवड आधी होते. वाचने कॅथॉलिक मुलेच करतात, पण आजारी माणसांसाठी, शेतकऱ्यांसाठी, देशासाठी करायच्या प्रार्थनांपैकी एखादी वाचायला इतर धर्मीय मुलांनाही पुष्कळदा बोलावतात. स्पष्ट वाचणारे मूल लहान शाळेत कोणाच्याच नजरेतून सुटत नाही. हवे असेल तर घ्यावे, नको असेल तर ‘नको’ म्हणावे. कारण देण्याचे बंधन नाही.

धर्मशिक्षणाचा तास

आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वर्ग दोन खोल्यांत विभागला जातो. कॅथॉलिक मुलांना धर्मशिक्षण, बाकीच्यांना मूल्यशिक्षण. धर्मशिक्षणाची परीक्षा असते, पण त्या गुणांचा बोर्डाच्या निकालाशी काही संबंध नसतो. इथे माझे एक मत स्पष्टपणे नोंदवतो : मूल्यशिक्षणाचा तास बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित असतो. धर्मशिक्षणाला पुस्तक, शिक्षक आणि परीक्षा असते. मूल्यशिक्षणाला जो शिक्षक मोकळा असेल तो जातो आणि मुलांना गृहपाठ करू देतो. पालकांनी या तासात काय शिकवले जाते हे विचारत राहिले तरच तो तास सुधारतो.

वर्षाचे वळण

शाळेच्या दिनदर्शिकेत ख्रिस्ती सण कुठे येतात हे माहीत असले की अचानक सुट्ट्या आणि अचानक तालमी यांचे कोडे सुटते. ३ जुलैला भारतात येऊन गेलेले मानले जाणारे संत थॉमस यांचा सण असतो. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकाच दिवशी येतात, त्यामुळे झेंडावंदन आणि मिस्सा यांची वेळ आदल्या दिवशी नीट विचारून घ्यावी. ८ सप्टेंबरचा मरियामातेचा जन्मोत्सव पुष्कळदा गणपतीच्या दिवसांच्या आसपास पडतो, आणि मग एकाच वर्गातली निम्मी मुले नोव्हेनाला (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला) तर निम्मी आरतीला अशी दोन्हीकडून झोपेला मुकलेली शाळेत येतात. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. २ नोव्हेंबरला मृतांचे स्मरण करतात. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियर, आणि मग नाताळ.

नाताळाच्या गोठ्याबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, फार सांगण्याची गरज नाही, कारण तो बांधायला सगळीच मुले धावतात. माती, पेंढा, नाचणीची उगवलेली हिरवळ हे सामान घरून आणायला सांगतात. नाचणी उगवायला आठवडाभर लागतो, तेव्हा ती वेळेवर पेरावी.

६ फेब्रुवारी ही जपानमधील नागासाकीच्या हुतात्म्यांची तिथी आहे, आणि त्यांच्यातले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. १५९७ साली त्यांना नागासाकी येथे क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ साली त्यांना संतपद दिले गेले. वसईच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला, मग ते कोणत्याही धर्माचे असो, आपल्या गावचा हा इतिहास ठाऊक असावा असे मला वाटते. शाळांनीही तो धर्मशिक्षणाच्या खोलीत कोंडून न ठेवता इतिहासाच्या तासाला सांगावा.

मग येतो प्रायश्चित्तकाळ, आणि तो नव्या मुलांना सर्वांत अनोळखी वाटतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या पूर्वसंध्येपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा हा काळ आहे. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख करतात आणि ती बुधवारी कपाळाला लावतात. कम्युनियनच्या रांगेसारखी ही रांग बंद नसते. राख कोणालाही घेता येते. पण घ्यावीच असे नाही, आणि वर्गात परतल्यावर शेजाऱ्याच्या कपाळावरचा काळा डाग पुसून देण्याचा उत्साहही दाखवू नये. पाचवीतल्या एका मुलाने भल्या मनाने आपला रुमाल ओला करून मित्राचे कपाळ स्वच्छ केले होते. मित्र रडला, मग पहिला रडला, आणि दोघांना समजावता समजावता गणिताचा तास गेला.

राखेच्या बुधवारी आणि या काळातल्या शुक्रवारी कॅथॉलिक माणसे मांस खात नाहीत. चर्चचा हा नियम वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यापासून लागू होतो, म्हणजे नववीच्या आसपास. प्रत्यक्ष उपवासाचा नियम तर अठरा वर्षांनंतरचा आहे. मासे आणि अंडी चालतात, त्यामुळे वसईकडच्या डब्यांत शुक्रवारी मासळी असतेच. इतरांच्या डब्यावर कोणतेही बंधन नसते. तरीही त्या दिवशी चिकन आणलेच असेल तर मित्राला आग्रह करू नये. आपल्याकडे चतुर्थीला कोणी अंड्याचा आग्रह केला तर जसे वाटेल तसेच ते आहे. याच दिवसांत शाळेच्या आवारात ‘क्रुसाची वाट’ असते : येशूच्या शेवटच्या प्रवासातील चौदा प्रसंगांपाशी थांबत थांबत केलेली प्रार्थना. उन्हात चालायचे असते. टोपी आणि पाण्याची बाटली न्यावी. दानपेटीत किंवा तांदळाच्या गोणीत मुले जे जमवतात ते वृद्धाश्रमाला किंवा गरजू कुटुंबांना जाते, आणि हा भाग सर्वांसाठी खुला असतो. माझ्या वर्गातली इतर धर्मीय मुले यात कधीच मागे नव्हती.

टिकली, मेंदी, धागा

यावर प्रत्येक शाळेचे नियम वेगळे असतात आणि ते नेहमी शहाणपणाचे असतातच असे नाही. बऱ्याच शाळा टिकली, गंध, मनगटावरचा धागा यांकडे लक्ष देत नाहीत. काही शाळा गणवेशाच्या नावाखाली सर्वच दागिन्यांना आणि मेंदीला मनाई करतात. मला माहीत असलेल्या एका शाळेत भावाच्या लग्नाची मेंदी काढून आलेल्या मुलीला पहिला तास बाहेर उभे केले होते. ते चुकीचेच होते, कारण मेंदी धुऊन जात नाही आणि लग्न पुढे ढकलता येत नाही. घरी कार्य असल्यास आधी चिठ्ठी द्यावी. नियम जर एकाच धर्माच्या खुणांना लागू होत असेल, म्हणजे गळ्यातला क्रूस चालतो पण धागा चालत नाही असे असेल, तर ती बाब पालक-शिक्षक संघात नम्रपणे पण लेखी मांडावी. ईद, बुद्ध पौर्णिमा, गौरी-गणपती यांच्या रजेचा अर्जही दोन दिवस आधी दिला की प्रश्न येत नाही.

कॅथॉलिक मुलांनाही नवखेपण असते

मुंबईतून, केरळातून किंवा गोव्यातून आलेल्या कॅथॉलिक मुलाला सगळे माहीतच असणार, असे शाळा धरून चालते, आणि तिथेच त्याची कुचंबणा होते. ज्याने आजवर इंग्रजीत किंवा कोकणीत प्रार्थना म्हटल्या त्याला मराठी मिस्सेतले प्रतिसाद येत नाहीत. केरळातल्या सिरो-मलबार पद्धतीत वाढलेल्याला विधीचा क्रमही वेगळा वाटतो. शिवाय मैदानावर मुले सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलतात, आणि वसईतली जुनी मंडळी चर्चला ‘देऊळ’ म्हणतात, त्यामुळे “देवळात ये” या निरोपाने तो भलतीकडेच जाऊ शकतो. अशा मुलाने गायनमंडळात नाव द्यावे, असे मी सुचवीन. महिन्याभरात गाणी पाठ होतात, गाण्यांबरोबर प्रतिसाद पाठ होतात, आणि लहान शाळेच्या गायनमंडळाला आवाज नेहमीच कमी पडत असतात. प्रथम कम्युनियन किंवा दृढीकरण (स्नानसंस्कारातली श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) राहिले असेल तर ते शाळेत नव्हे, आपल्या धर्मग्रामात विचारावे.

वाढत्या वयात एखाद्या कॅथॉलिक मुलाचे मन प्रार्थनेतून उडते. त्याला ‘फादरांच्या शाळेत असून असा कसा’ असे ऐकवले जाते, आणि ते ऐकवणारे बहुतेक वेळा फादर नसून नातेवाईक असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालीच म्हटले आहे की श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये; ते वाक्य परधर्मीयांना जितके लागू आहे तितकेच घरच्या पोरालाही आहे.

अडचण आली तर कोणाकडे जावे

आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, आणि त्यानंतर व्यवस्थापक फादर, हा क्रम पाळावा. लहान शाळेत सगळेच सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे थेट फादरांच्या घरी जाण्याचा मोह होतो, पण मग वर्गशिक्षकाला ती गोष्ट चौथ्याच माणसाकडून कळते. कॅथॉलिक मुलांसाठी वर्षातून एकदोनदा पापनिवेदनाची, म्हणजे आपल्या चुका धर्मगुरूंजवळ कबूल करण्याची, सोय असते. त्यात सांगितलेले धर्मगुरू कोणालाही सांगू शकत नाहीत. परंतु पापनिवेदन म्हणजे समुपदेशन नव्हे, आणि मुलाला घरचा किंवा अभ्यासाचा ताण असेल तर त्याने वेगळी वेळ मागून शिक्षकांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे.

एक गोष्ट मात्र क्रमाची वाट न पाहता करायची. कोणत्याही मोठ्या माणसाचे वागणे मुलाला खटकले, मग तो शिक्षक असो, शिपाई असो वा धर्मवस्त्र घातलेला असो, तर शाळेची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) आणि तक्रारपेटी आहे, १०९८ हा बालकांसाठीचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे, आणि बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून सर्वांना सारखाच लागू आहे. ‘फादर’ आणि ‘सिस्टर’ या शब्दांमागचा आदर मुलांना शिकवताना हेही त्याच दमात सांगावे.

दहावीच्या मुलांसाठी

बोर्डाची परीक्षा बहुधा प्रायश्चित्तकाळाच्या आसपासच येते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात फादर प्रवेशपत्रांना आणि पेनांना आशीर्वाद देतात, आणि हा कार्यक्रम सक्तीचा नसूनही दहावीचा सगळा वर्ग तिथे हजर असतो. शाळेच्या आवारात मरियामातेची दगडी घळ असते, तिला मुले ग्रोटो म्हणतात. पहिल्या पेपरच्या सकाळी तिथे मेणबत्त्या लागतात, आणि त्या लावणाऱ्यांत कोणाचे आडनाव काय आहे हे मी मोजणे फार पूर्वी सोडून दिले. मेणबत्ती लावायची असल्यास दिलेल्या पत्र्याच्या ताटातच लावावी, वाऱ्याने झावळ्यांना लागेल अशा कठड्यावर नव्हे. आणि प्रवेशपत्र कठड्यावर ठेवून हात जोडले असतील तर निघताना ते आठवणीने उचलावे, कारण एका वर्षी ते तिथेच राहिले होते आणि शिपाईमामांना सायकलवरून परीक्षा केंद्र गाठावे लागले होते.